नाही म्हण, पण नावं ठेवू नकोस

अमरावती,
22 डिसेंबर

चि. सई हिस,
मोठ्या आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू भडाभडा बोललीस ते सगळं मी ऐकलं, पण उत्तर काही धड देता आलं नाही. मोठे बाबा शेजारी बसून 'काय झालं, काय झालं' विचारत होते, दारात दूधवाला उभा, आणि तुझा आवाज रडकुंडीला आलेला. अशा घाईत काय सांगणार? आज दुपारची कामं आवरली, हे जरा पडले आहेत, अंगणात ऊनही छान आलं आहे. म्हटलं, आता सईशी सावकाश बोलू. पत्र लांबेल बेटा. एका बैठकीत नाही झालं तर उरलेलं लोकलमध्ये वाच.

आधी तुझे ते पाचशे रुपये. दादरला पुलाखाली नवरा-बायको भेटले, कडेवर पोर. दर्यापूरकडचे आहोत म्हणाले, बोलणंही आपल्या वऱ्हाडातलं. कामावर आणणारा मुकादम पैसे न देता पळाला, गावी जायला तिकिटाचे पैसे नाहीत, पोराच्या पोटात सकाळपासून काही नाही. तू पहिल्या पगारातली नोट काढून दिलीस. पुढच्याच आठवड्यात ते त्याच पुलाखाली तीच हकिगत दुसऱ्या कोणाला सांगताना दिसले. खोलीतल्या मैत्रिणी हसल्या, आणि तू मला म्हणालीस, "मोठी आई, यापुढे कोणालाच काही देणार नाही. सगळे चोर असतात."

पैसे गेले ते जाऊ दे. मैत्रिणींचाही राग धरू नकोस. परक्या शहरात रात्री-अपरात्री त्याच तुझ्या उपयोगी पडणार आहेत. मला काळजी लागली आहे ती तुझ्या त्या शेवटच्या वाक्याची. हे वाक्य तुझं नाही. नवरात्रात अंबादेवीला जाताना पायऱ्यांवरच्या ओळीतल्या शेवटच्या म्हातारीपर्यंत नाणं पोचल्याशिवाय पाय न हलवणारी पोर तू. म्हणून रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य सारखं आठवत राहिलं.

द्यायचं की नाही, किती द्यायचं, कोणाला द्यायचं, हे तुझं तू ठरव. कमाई तुझी आहे. माझं सांगणं एवढंच, की द्यायचं नसेल तेव्हा नुसतं नाही म्हण. त्यासाठी समोरच्याला लबाड, आळशी, दारुडा ठरवायची गरज नाही. आपल्याजवळ सुट्टे नसतात, आपल्याला घाई असते, कधी मनच होत नाही. एवढं पुरे आहे. पण नाही म्हणताना आपल्यालाच आत कुठंतरी टोचतं, ते टोचणं नको म्हणून आपण कारण शोधतो, आणि सगळ्यात हाताशी असलेलं कारण म्हणजे समोरच्याचा वाईटपणा. मग ते कारण तोंडात बसतं. पुढच्या वेळी विचारही करावा लागत नाही.

तुझ्या आजीला तू फार थोडी पाहिलीस. लग्न होऊन मी अंजनगावच्या घरी आले तेव्हा दाराजवळच्या कोनाड्यात ज्वारीचा एक डबा असायचा. घरच्या कणगीतली ज्वारी वेगळी, ही वेगळी. पहाटे वासुदेव यायचा, उन्हं वर आली की किंगरी वाजवत नाथजोगी, कधी गोंधळी, कधी नंदीबैलवाला, सणावारी बहुरूपी. प्रत्येकाला एक पसा. सुगी झाली की सूपभर. ज्या वर्षी पीक बुडालं त्या वर्षी डबा रिकामा राहिला, आणि आजी दारात येऊन स्वतः सांगायच्या, "माफ कर बाबा, पुढं जा." आतून ओरडून कोणाला हाकलल्याचं मी ऐकलं नाही. एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या, हा नाथजोगी काही गरीब नाही, त्याची गावाकडं दहा एकर जमीन आहे म्हणतात. आजी निवडत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "असन बाई. आपल्याले त्याच्या सातबाऱ्याचं काय करा लागते? द्याचं असन तं द्या, नसन तं पुढं जा म्हना. पन मागं काही बोलू नाही."

आता तू म्हणशील, मोठी आई, गावात सगळे ओळखीचे होते, दरवर्षी तीच माणसं यायची. मुंबईत कोण कोणाला ओळखतं? बरोबर आहे. म्हणूनच तिथं मागणाऱ्याला हकिगत सांगावी लागते. अंजनगावात नाथजोग्याला कोणी विचारत नसे की तुझी बायको आजारी आहे का, पाकीट मारलं का. तो यायचा, किंगरी वाजवायचा, पसा घ्यायचा आणि जायचा. दादरला एखाद्या माणसाने नुसतं म्हटलं, 'मी गेलं वर्षभर या पुलाखाली राहतो, काम कधी मिळतं कधी नाही, आज भूक लागली आहे', तर किती जण थांबतील? हे खरं आहे, पण याला पाच रुपयेसुद्धा मिळत नाहीत. पळालेला मुकादम, चुकलेली गाडी, तान्ह्या पोराचं दूध असं काही सांगितलं तर आपला हात पर्सकडे जातो. आपणच असं मोल लावल्यावर हकिगती तयार होणारच. तुला भेटलेलं जोडपं खोटं बोललं असेल. पण एवढ्या थंडीत लेकरू घेऊन ते पुलाखाली होते ना? पहिल्यांदा तू त्यांना पाहिलंस तेव्हाही आणि पुढच्या आठवड्यातही. तिकिटाची गोष्ट खोटी निघाली म्हणून तो पूल काही खोटा होत नाही.

याचा अर्थ तू परत पाचशे द्यावेस असा नाही हं. पाचशे मुळीच द्यायचे नाहीत. ते पुढं सांगते.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. आपल्या राज्यात भीक मागणं हा कायद्याने गुन्हा आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, 1959 चा. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात, आणि पहिल्यांदा दोषी ठरला तरी माणसाला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. मुंबईचं भिक्षेकरी गृह चेंबूरला आहे. त्या कायद्यात भीक मागणं कशाला म्हटलंय ते वाचशील तर चकित होशील. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे घेणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे आजींच्या दारातला वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाला, सगळेच. हाच कायदा दिल्लीला लागू होता. 2018 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. 2021 मध्ये करोनाच्या काळात सिग्नलवरच्या भिकाऱ्यांना हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा न्यायमूर्तींनी सांगितलं की शिक्षण आणि रोजगार नाही म्हणून माणसं रस्त्यावर मागायला येतात, याकडे वरच्या वर्गाच्या नजरेने पाहता येणार नाही. आणि दुसरीकडे इंदूर बघ. 2025 च्या जानेवारीपासून तिथं भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायला सुरुवात झाली. त्याच वर्षी भोपाळनेही तसाच आदेश काढला. मोठे बाबा पेपरमधली ती बातमी वाचून दाखवत होते. शहर स्वच्छ दिसावं असं कोणाला वाटत नाही? पण माणूस नजरेआड केला म्हणून त्याचा प्रश्न सुटत नाही, तो दुसऱ्या गावाच्या रस्त्यावर जातो.

आणि सई, लिहावं की नाही असं वाटत होतं, पण लिहिते. नावं ठेवण्याची गोष्ट मी इतकी का धरून बसले ते तुला कळायला हवं. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं भिक्षा मागत गावोगाव फिरत तिथं पोचली होती. पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलेली माणसं. मोबाइलवर त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. कोणीतरी म्हटलं, हेच ते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. पाच माणसं, पोरी, आपल्या महाराष्ट्रात, दिवसाढवळ्या. ती बातमी टीव्हीवर पाहिली तेव्हा मला आजींच्या दारातला नाथजोगीच दिसला. मारणारे काही रोजचे खुनी नव्हते, बाजाराला आलेली माणसं होती. पण मागत फिरणारा म्हणजे चोर, पोरं पळवणारा, हे त्यांच्या मनात आधीच कुणीतरी पेरून ठेवलेलं होतं. 'सगळे चोर असतात' हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकलं आणि मला झोप लागली नाही, ती यामुळे.

असो. जरा वेगळं सांगते. परवा 20 तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली. गाडगेनगरला समाधीपाशी नेहमीसारखी गर्दी, कीर्तन, जेवणाच्या पंगती. मोठ्या बाबांचा गुडघा फार दुखतो, तरी काठी घेऊन आले. परत येताना म्हणाले, "सईने बाबांना स्टेशनवर पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं?" मी विचार करत राहिले. 1876 साली आपल्याच जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा, डोक्यावर फुटकं गाडगं घेऊन गावोगाव फिरला. अनोळखी गावात त्यांना पाहून कोणीही भिकारीच म्हटलं असतं. आधी गाव झाडायचं, मग भाकर मागायची, आणि रात्री कीर्तनात लोकांना जागं करायचं, अशी त्यांची रीत. फुकट भाकर घ्यायची नाही हे स्वतःसाठी. पण आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना जेवू घालताना त्यांनी कधी कोणाला काम दाखव म्हटलं नाही. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं त्यांनी धर्मशाळा बांधल्या, त्या यात्रेला आलेल्या गरीब माणसाला उघड्यावर झोपावं लागू नये म्हणून.

त्यांच्याच नावाची एक धर्मशाळा तुझ्या दादरलाही आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथं थोडक्या खर्चात राहतात. एखाद्या रविवारी जाऊन ये. आणि टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवरून चाल एकदा. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, आपला विदर्भ, मराठवाडा, कुठकुठची माणसं पिशव्या उशाला घेऊन पडलेली दिसतील. ती भिकारी नाहीत. कोणी शेत गहाण टाकून आलं आहे, कोणी मास्तर आहे. पण चार महिने फुटपाथवर काढले की कपडे सगळ्यांचे सारखेच दिसतात.

लोक बेघर आणि भिकारी हे एकच समजतात, तिथंही अशीच गफलत होते. 2011 च्या जनगणनेत देशात बेघर माणसं साडेसतरा लाखांहून जास्त मोजली गेली, आणि भीक मागून किंवा भटकून जगणारी सव्वाचार लाखांच्या आत. म्हणजे रस्त्यावर झोपणाऱ्यांतले पुष्कळ जण कामं करतात. पहाटे नाक्यावर उभे राहतात, भंगार वेचतात, हमाली करतात, लग्नात ताटं उचलतात, आणि रात्री पुलाखाली येऊन झोपतात, कारण तुम्हा मुलींना एका खाटेचं जे भाडं पडतं त्यात त्यांचा महिना जातो. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे चोवीस तास उघडा असा एक रात्रनिवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगून ठेवलं आहे. तुझ्या वॉर्डात महापालिकेचा बेघर निवारा कुठं आहे, एवढं माहीत करून घे. एखाद्या पावसाळी रात्री म्हाताऱ्या माणसाला तो पत्ता दहा रुपयांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता लहान मुलांचं. इथं माझं म्हणणं कडक आहे आणि ते तू ऐकायचंच. सिग्नलवर काच पुसणाऱ्या, गाडीत झाडू मारून हात पुढे करणाऱ्या, फुगे विकणाऱ्या पोराच्या हातात पैसा ठेवायचा नाही. एक रुपयाही नाही. पोराच्या हातात पैसा पडतो तोपर्यंत त्याला शाळेत कोणी पाठवत नाही, आणि तो पैसा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खिशात जातो. मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला बालन्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखाचा दंड आहे, आणि त्यासाठी मुलाला अपंग केलं तर सात ते दहा वर्षं. पोराला खायला दे, तुझ्या समोर खाऊ दे. आणि मूल एकटं, आजारी, घाबरलेलं, किंवा कोणाच्या तरी धाकात दिसलं तर 1098 लावायचा. मुलांसाठीचा हा नंबर 1996 मध्ये तुझ्या मुंबईतच सुरू झाला. फोन केलास म्हणून तुझ्या मागे काही लागत नाही. मुलांचे फोटो मात्र काढू नकोस, आणि ते कुठं टाकू तर मुळीच नकोस.

तान्हं घेऊन 'पैसे नको ताई, दुधाची पावडर घेऊन द्या' म्हणणाऱ्या बायाही भेटतील. डबा पुन्हा दुकानात परत जातो आणि पैसे वाटून घेतले जातात, हा प्रकार मुंबईत जुना आहे. तिला दूध, पोळी-भाजी, केळी घेऊन दे, नाही तर नाही म्हण. पण नाही म्हणताना तिला 'आम्हाला माहीत आहेत तुमची नाटकं' असं सुनावू नकोस. तिचं आयुष्य काय आहे ते तुला किंवा मला माहीत नाही.

आणि जो मागतच नाही, त्याच्याकडे जास्त लक्ष दे. केसांच्या जटा, अंगावर चिंध्या, कचऱ्यात हात घालून खाणारा, स्वतःशी पुटपुटणारा माणूस तुला कुठल्यातरी स्टेशनबाहेर दिसेलच. तो हात पुढे करत नाही, म्हणून कोणी त्याला काही देतही नाही. त्याला पैसे देऊन उपयोग नाही, त्याला उपचार हवेत. 1988 मध्ये मुंबईत डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या डॉक्टर पत्नींनी एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिताना पाहिला. त्याला उचलून आपल्या दवाखान्यात नेलं, बरं केलं, तेव्हा कळलं की मुलगा चांगला शिकलेला, घर आंध्रात. त्यातून श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली, पुढं कर्जतला केंद्र झालं, हजारो माणसं बरी होऊन आपापल्या घरी पोचली, आणि 2018 मध्ये डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही पोलिसांवर जबाबदारी टाकली आहे, की असं भटकणारं, स्वतःची काळजी घेऊ न शकणारं माणूस दिसलं तर त्याला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. तेव्हा जवळ जाऊ नकोस, लांबूनच 112 ला कळव. वेडा म्हणून हसत पुढे जाणाऱ्यांत तू नसावीस.

मी लहान असताना अंबादेवीच्या वाटेवर बोटं झडलेली माणसं टिनाचे डबे वाजवत बसायची. लोक लांबून पैसे टाकायचे, हात लागू नये म्हणून. माझे वडील एकदा मला तपोवनात घेऊन गेले. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये आपल्या शहराच्या कडेला महारोग्यांसाठी उभं केलेलं. तिथं तशीच बोटं असलेली माणसं वाफ्यांना पाणी देत होती, आणि त्यांतल्या एकाने मला पेरू दिला. वडील म्हणाले, खा. मी खाल्ला. त्याच सुमाराला तिकडं वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवनात तेच केलं. आज कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने ते वर्षभर घेतल्या की रोग बरा होतो. हे सांगते अशासाठी, की पायऱ्यांवर नाणी टाकणाऱ्या हजारो लोकांनी जे केलं नाही ते जमीन, औषध आणि काम देणाऱ्या मोजक्या माणसांनी केलं. तरी माझ्या मते नाणं टाकणारेही चुकले नाहीत. तपोवन उभं राहीपर्यंत त्या माणसांना रोज संध्याकाळी जेवायचं होतंच.

तर तू काय करावंस? पगार झाला की त्यातला थोडा भाग बाजूला काढ. किती, ते भाडं आणि डबा वजा करून ठरव, उसनं घेऊन दान करायचं नाही. त्यातला मोठा हिस्सा एका ठिकाणी दे, जिथं जाऊन तू स्वतः पाहून आली आहेस. दर महिन्याला, न चुकता, थोडेच का असेनात. उरलेल्यात दहा-दहाच्या नोटा करून बाहेरच्या खिशात ठेव. म्हाताऱ्या माणसाला, आंधळ्याला, ज्याच्याकडे पाहून तुझा जीव तुटेल त्याला त्यातली दे, आणि दिल्यावर त्याचा हिशेब विसर. त्याने चहा घेतला की विडी ओढली, ते त्याचं. समोरचा प्यायलेला स्पष्ट दिसत असेल तर पैसे नको, खायला दे. जवळपास शिवभोजन केंद्र चालू असेल तर दहा रुपयांच्या थाळीची व्यवस्था करता येते. औषधाच्या चिठ्ठ्या आणि फाइल दाखवणारा भेटला तर पैसे न देता विचार, कोणत्या हॉस्पिटलची? मोठ्या हॉस्पिटलांत समाजसेवा विभाग असतो, खऱ्या पेशंटला तिथून मदत मिळते. गावी जायला पैसे नाहीत म्हणणाऱ्यावर विश्वास बसला आणि वेळ असला, तर सोबत जाऊन तिकीट काढून दे. नसला वेळ तर 'माफ करा' म्हण आणि चालू लाग. गाडीत टाळी वाजवून येणाऱ्या तृतीयपंथीयांना घाबरून आक्रसून बसू नकोस. द्यायचं तर हसून दे, नाही तर हात जोड. त्यांना कामावर कोण ठेवतं, हाही विचार कर.

आणि माझी सगळ्यात मोठी भीती ती ही. तू कनवाळू आहेस, आणि कनवाळू पोरीला फसवणं सोपं असतं. स्टेशनवर पर्स उघडून उभी राहू नकोस. मोबाइल कोणाच्या हातात देऊ नकोस, 'एक फोन करू द्या ताई' म्हटलं तरी नाही. नंबर विचारून तू लाव. रात्री नऊनंतर सब-वेमध्ये, रिकाम्या पुलावर कोणी हाक मारली तर थांबायचं नाही, मग ती म्हातारी का असेना. त्या वेळी न देण्यात काही पाप नाही. घरी पोचल्यावर मन खात असेल तर दुसऱ्या दिवशी उजेडात दे.

इथं सगळं ठीक आहे. आंबिया बहार उतरला, या वर्षी संत्र्याला भाव बरा मिळाला. तुरीला शेंगा लागल्या आहेत, काल सोले-वांग्याची भाजी केली आणि तुझी आठवण काढत दोघं जेवलो. तुझा बाप फोनवर बोलत नाही फारसं, पण रोज मुंबईचं हवामान पाहतो. संत्र्यांची पेटी बंडूच्या हाती पाठवते आहे. शुक्रवारी रात्री अमरावती एक्स्प्रेसने निघतोय, शनिवारी पहाटे दादरला उतरेल. मैत्रिणींनाही दे. पेटी जड आहे, हमाल कर आणि तो सांगेल ते पैसे घासाघीस न करता दे.

महिन्याचे पैसे कुठं द्यायचे ठरवलंस ते मला कळव. मोठे बाबा पेन्शनीतले काही तिथंच पाठवू म्हणतात. धर्मशाळेत जाऊन आलीस तर तिथं आता काय लागतं, धान्य की चादरी, ते नीट विचारून ये, म्हणजे संक्रांतीच्या आत इथून पाठवता येईल.

तब्येतीला जप. जेवण टाळू नकोस.

तुझी,
मोठी आई